नाव काढलं

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापनाचा. घर भिसेगावचं. हजर: मी, सासूबाई, मुलगी, जाऊबाई आणि हळदीकुंकवाला बोलावलेल्या तीन बायका. जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझे चुलत दीर, बाहेरच्या खोलीत, आमच्या ह्यांच्याशेजारी. त्यांना मीच थांबवून घेतलं होतं.

दरवर्षी मी गल्लीतल्या बायका बोलावते. या वर्षी त्यांतली एकही नव्हती. आलेल्यांपैकी दोघी खालापूरच्या, एक कळंबची. तिघींचीही मुलं दिरांच्या ऑफिसमार्फत परदेशी शिकायला गेलेली.

आमची मुलगीही त्यांच्यामार्फतच ऑस्ट्रेलियाला गेली होती. पहिल्या सत्रानंतर त्यांनी तिला फोनवर सांगितलं, याहून स्वस्त कॉलेज आहे. आधी जुन्या कॉलेजातून नाव काढ, दाखला घे, मग नवीन ठिकाणी मी नाव घालतो. आम्हाला कुणालाच यात वावगं वाटलं नाही. बालवाडीपासून आपल्याकडे असंच चालतं, दाखल्याशिवाय दुसरी शाळा दारात उभं करत नाही. तिकडे असला दाखला नसतोच. मुलगी कॉलेजच्या खिडकीवर तो मागत राहिली आणि ती काय मागतेय तेच तिथल्या माणसांना कळेना. दीर म्हणत, दाखला आल्याशिवाय मी काय करू? तोवर तिचं नाव कुठल्याच कॉलेजात उरलं नव्हतं, आणि कॉलेजात नाव असणं ही तर विद्यार्थी व्हिसाची मुख्य अट. सरकारची नोटीस आली. उत्तर मी पाठवतो, तू काही लिहू नकोस, असं दीर म्हणाले. पाठवलं नाही. व्हिसा रद्द झाला.

एवढ्यावर मी कडकडून भांडले असते आणि गप्प बसले असते. पण ती परत आल्यावर खालापूरच्या एका लग्नात दीर भर जेवणात म्हणाले, "जाताना सगळ्यांनी आशीर्वाद दिला होता, नाव काढ. आमच्या पुतणीनं खरंच काढलं हो." माणसं हसली. मुलगी तिथेच ताट घेऊन उभी होती. पुढे, ती तिकडे कॉलेजला जातच नव्हती, हेही त्यांनीच पसरवलं. तिनं बाजारात जाणं सोडलं. मी उद्यापनाच्या तयारीला लागले.

कहाणी वाचून झाली, आरती झाली. दूध दिल्यावर मी दिरांना आत बोलावलं आणि मुलीला म्हटलं, काय झालं ते या मावशींना सांग. तिनं सांगितलं, पहिल्या फोनपासून, आवाज न चढवता.

दीर हसले. पोरीचं अभ्यासात लक्ष नव्हतं, आता खापर माझ्यावर, म्हणाले.

कळंबच्या बाईंनी पेला खाली ठेवला. "आमच्या पोरीला पन तुमी परवा ह्येच सांगितलंय. आदी नाव काढ म्हनून."

"तुमची गोष्ट वेगळी आहे, ताई."

"काय वेगळी हाय? भाऊ, तुमी सोता गेलते का कदी तिकडं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "त्यो? त्यो माथेरानला गेला तरी घोड्यावर बसाया भितो."

खालापूरच्या दोघी हसल्या, मग हसू आवरून तिथल्या तिथे मुलांना फोन लावू लागल्या. कळंबच्या बाई ओट्यापाशी जाऊन पोरीला ओरडून सांगत होत्या, नाव काढू नको गं, कोन काय बी बोलू दे. दीर चपला शोधत होते. मी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. फार दिवसांनी मला पोटभर बरं वाटलं.

जाऊबाई कुंकवासाठी थांबल्या होत्या. त्या लग्नात त्या नवऱ्याच्या शेजारीच होत्या, आणि हसणाऱ्यांत होत्या. मी करंडा घेऊन त्यांच्यासमोरून पुढे गेले. त्या तशाच गेल्या.

सवाष्ण उद्यापनाला येऊन कोरड्या कपाळानं गेली, जाऊन तिची ओटी भरून ये, असं सासूबाई रोज म्हणतात. खण आणलाय, नारळही आणलाय. घर काही लांब नाही. पण लग्नात हसलेल्या माणसांना दिरांनी खरं काय ते अजून सांगितलेलं नाही, आणि मुलगी अजून बाजारात जात नाही, भाजी मीच आणते. ओटी भरायची राहिली आहे.