व्हॅक्युमची खोळ

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, सूसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये व्हॅक्युम क्लीनर चालता चालता बंद पडला. अर्ध्या तासाने तो आपोआप सुरू झाला आणि सात-आठ मिनिटांनी पुन्हा थांबला. दिवसभर हेच चाललं. हॉलचा निम्मा गालिचा साफ झाला, निम्मा राहिला.

घरात मी एकटा होतो. आमच्या खिडक्यांसमोरच्या मोकळ्या जागेत गेल्या वर्षी इमारतीचं काम सुरू झालं. बायकोला दमा आहे. दिवाळीनंतर तिचा त्रास वाढला, म्हणून ती धाकट्या मुलीकडे कोल्हापूरला गेली. घरातली धूळ आटोक्यात आली की परत यायचं, असं ठरलं होतं. तोपर्यंत व्हॅक्युम मी कधी चालवला नव्हता. ते काम तिचं होतं.

एकेक शक्यता तपासायची आणि बाजूला करायची, ही नोकरीतली सवय. आधी प्लग स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटमध्ये लावला. फरक पडला नाही. पिशवी रिकामी केली. तिच्यात सिमेंटसारखी करडी, मऊ पूड होती. फिल्टर धुऊन बाल्कनीत वाळवला, तर वाळेपर्यंत त्याच्यावर नवी धूळ बसली. पुन्हा धुतला आणि बेडरूममध्ये पंख्याखाली वाळवला. पाइप उभा धरून वरून सुपारी टाकली. ती खालून बाहेर आली, म्हणजे पाइप मोकळा होता. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की यंत्र जास्त तापलं तर स्वतःहून बंद होतं. तापण्याची पुस्तिकेत दिलेली सगळी कारणं मी तपासली होती.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक आजी राहतात. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची. मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटपैकी एकात त्या असतात आणि दार दिवसभर उघडं ठेवतात. मंगळवारी मी पिशवी झटकायला बाहेर आलो तेव्हा त्या उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या.

"काय ओ भाऊ, परत गप झालं व्हय तुमचं ते?"

"झालं."

"लाइट तर हाय. माझा पंखा फिरतोय."

"तापतो म्हणून बंद होतो."

"लई नाजूक हाय मग. माझी केरसुणी न्या. ती न्हाई तापत."

"केरसुणीने धूळ उडते, आजी. हिला त्रास होतो."

"ती कुटं हाय हितं?"

"येणार आहे."

आजींनी मेथीची एक काडी मोडली. "व्हय, येईल की," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी कोल्हापूरला फोन केला.

"तू व्हॅक्युम कसा चालवायचीस?"

"कसा म्हणजे? बटण दाबून."

"माझ्याकडे मध्येच बंद पडतो."

"खोळ काढली होती ना?"

मी व्हॅक्युमकडे पाहिलं. त्याच्यावर हॉलच्या जुन्या पडद्याची खोळ होती. घरातल्या बहुतेक वस्तूंना तिने खोळी शिवल्या आहेत: मिक्सर, इस्त्री, पाण्याचा फिल्टर. व्हॅक्युमच्या खोळीला पाइपसाठी एक भोक होतं आणि वायरसाठी एक. खालून इलॅस्टिक. पिशवी आणि फिल्टर काढताना मी ती वर सरकवायचो आणि काम झालं की पुन्हा खाली ओढायचो. मागची जाळी, जिच्यातून गरम हवा बाहेर पडते, ती पूर्ण झाकलेली होती.

"काढायची असते?"

"अहो, ती ठेवताना घालायची. रजई पांघरून जिना चढून बघा तुम्ही."

ती हसली, बराच वेळ. इथे असताना हसली की तिला हमखास खोकला यायचा. त्या दिवशी आला नाही.

बुधवारी खोळ काढून व्हॅक्युम सुरू केला. गालिचा, सोफा, गाद्या, पडदे, कपाटांच्या वरच्या बाजू. तो एकदाही थांबला नाही. दुपारी मी पुन्हा फोन केला.

"सगळं घर झालं. तिकीट काढू का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "गॅस बारीक कर," ती मुलीला म्हणाली.

"समोरचं काम कुठवर आलंय?" तिने विचारलं.

मी खिडकीपाशी गेलो. "नवव्या मजल्याचा स्लॅब टाकतायत."

"आणि बोर्डावर किती मजले लिहिलेत?"

"बावीस."

मी खिडकी लावून घेतली.

"माझं शिलाई मशीन पाठवता का?" ती म्हणाली.

"कशाला?"

"इथे मिक्सरला खोळ नाही."

पिरंगुटच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाड्या कोल्हापूरला जातात. त्याचा टेम्पो शुक्रवारी आला. पायमशीन जड असतं. टेम्पोवरच्या दोघांनी ते जिन्यातून तिरकं करून उतरवलं. आजी उंबऱ्यात होत्या. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धाडताय व्हय?"

"हो."

"चाय घ्या थोडा," त्या म्हणाल्या. मी घेतला.

मशीन होतं त्या कोपऱ्यात धुळीचा थर निघाला, त्यात रंगीत धागे, चिंध्या आणि दोन टाचण्या. टाचण्या हाताने उचलून डबीत ठेवल्या. बाकीचं व्हॅक्युमने साफ केलं. काम झाल्यावर तो थंड होऊ दिला आणि खोळ घालून कोपऱ्यात, मशीनच्या जागी ठेवला.

मशीन पोचल्याचा निरोप मुलीकडून सोमवारी आला. वाटेत पट्टा तुटला होता, तो तिने नवा घातला. गुरुवारी बायकोने एक फोटो पाठवला. कोल्हापूरच्या ओट्यावरचा मिक्सर होता. त्याला निळ्या फुलांची खोळ होती.