पदरचं काही घालायचं नाही

माहितीपर उताऱ्याचा सारांश एका परिच्छेदात कसा लिहायचा, हे मी गेली अकरा वर्षं शिकवते आहे आणि मला त्याचा वीट आला आहे. नवऱ्याची नोकरी ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात, म्हणून नाशिक सोडून आम्ही चेन्नईला आलो. मला अड्यारमधल्या एका शाळेत नववीचं इंग्रजी मिळालं. पहिलं वाक्य मुख्य मुद्द्याचं, मग आधाराची तीन वाक्यं, शेवटी समारोप. फळ्याच्या कोपऱ्यात एक नियम रोज लिहिलेला असतो: उताऱ्यात नाही ते लिहू नका. मनातल्या मनात मी तो मराठीत म्हणते, पदरचं काही घालायचं नाही. आज सकाळीही तो लिहून आले. परीक्षेत तसंच लागतं, काय करणार!

गेल्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. वडील रिक्षा चालवायचे, आई जवळच्या दोन घरी स्वयंपाक करायची. मुलगी पाल्हाळ लावण्यात पटाईत. शहरातल्या तळ्यांवरचा उतारा दिला, तर हिने शेवटी लिहिलं, 'आमच्या घरामागेही तळं आहे. पावसाळ्यात पाणी उंबऱ्याशी येतं, तेव्हा आमची मांजर कपाटावर चढून बसते. ती खाली उतरली की पाणी ओसरलं असं आई समजते.' वाचताना मला हसू आलं. मग मी लाल पेनाने तिन्ही वाक्यांवर काट मारली आणि दहापैकी चार दिले.

"मिस, पण हे खरं आहे," ती म्हणाली.

"खरं असेल गं. उताऱ्यात आहे का?"

तिने वाद घातला नाही. पोंगलच्या सुट्टीपर्यंत ती इतकी तयार झाली की तिचे परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवू लागले. दहापैकी दहा. मला तिचं फार कौतुक वाटायचं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं जरा जास्तच.

फेब्रुवारीत तिच्या गल्लीला सरकारी ऑफिसातून नोटीस आली. घरं तळ्याच्या हद्दीत आहेत, ती पाडायची आहेत. कुणाला काही म्हणायचं असेल तर थोडक्यात लेखी द्यावं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये एकदा मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात अर्जाची झेरॉक्स होती.

"मिस, अर्ज मी लिहिला. गल्लीत मलाच सगळ्यांत चांगलं लिहिता येतं ना. सगळ्यांनी सह्या केल्या. पण ऑफिसमधले सर म्हणाले, यात तर तुम्ही सगळं मान्यच केलंय."

अर्ज तमिळमध्ये होता. मला तमिळ बोलता येतं, वाचता येत नाही. तिनेच मला एकेक वाक्य वाचून दाखवलं. आमची घरं तळ्याच्या जागेत आहेत. त्यांनी पाण्याची वाट अडते. शेजारच्या वस्तीत पूर येतो. जागा सरकारी आहे. म्हणून ही घरं हलवणं आवश्यक आहे, तरी कृपया विचार व्हावा. लांबलचक नोटिशीचा तो बिनचूक सारांश होता.

"अगं, तुम्ही तिथे किती वर्षं राहताय ते? बाबांची रिक्षा, आईची कामं, तुझी शाळा? घर जवळपास द्या म्हणून का नाही लिहिलंस?"

"थोडक्यात लिहा म्हणाले होते, मिस. आणि ते नोटिशीत नव्हतं."

ती मला टोमणा मारत नव्हती. मारला असता तर बरं झालं असतं. तिच्यासमोर मान वर करायची मला लाज वाटली.

त्याच दिवशी मी आमच्या तमिळच्या सरांकडून नवा अर्ज लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांबरोबर ऑफिसात गेले. मुदत टळून गेली होती. खिडकीवरच्या बाईंनी कागदाची घडीसुद्धा उघडली नाही. वडील मला म्हणाले, "असू दे मॅडम, पोरीने चांगलंच लिहिलं होतं." परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.

नवरा म्हणतो, अर्ज कसाही लिहिला असता तरी घरं गेलीच असती. असेलही. पण त्या माणसांचं म्हणणं एकदा तरी कागदावर आलं असतं. ते माझ्यामुळे आलं नाही.

शाळेचं वर्ष संपता संपता ती दाखल्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. त्यांना शहराबाहेर, दोन बस बदलून जावं लागतं अशा ठिकाणी घर मिळालं होतं. अर्जात मोजकी वाक्यं होती. आम्ही दुसरीकडे राहायला जात आहोत. तिथून या शाळेत येणं शक्य नाही. तरी दाखला मिळावा, ही विनंती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मांजर घेऊन जाणार ना?"

"घर पाडलं त्या दिवसापासून ती सापडत नाही, मिस," ती म्हणाली. "आई रोज जाऊन हाका मारते."

अर्जात ते कुठेच नव्हतं. मी खाली सही केली.