पहिली ओळ सोडून

वसईतल्या गास गावच्या व्हॅलेरियनला कुलपांचं वेड आहे, आणि कुणी बोलायच्या आत तो ते स्वतःच सांगून टाकतो. विहिरीच्या पंपाला कुलूप, अंगणातल्या नळाला कुलूप, नाताळच्या वाइनच्या कपाटाला तर दोन. एकदा गच्चीच्या दाराला नवं कुलूप बसवून ते नीट लागतं का हे त्याने गच्चीतूनच तपासलं. लागलं. किल्ली खाली टेबलावर होती. शेजारचा गॉडफ्रे आगाशीच्या बाजारातून परत येईपर्यंत तो वाळत घातलेल्या मिरच्यांच्या सोबतीने बसून राहिला. त्या दिवशी अख्ख्या वसईत आपल्याइतका सुरक्षित माणूस दुसरा नव्हता, असं तो सांगतो आणि सगळ्यांच्या आधी हसतो.

ही खोड नोकरीतून लागली. मुंबईतल्या एका गोदामाच्या किल्ल्या आयुष्यभर त्याच्या कमरेला होत्या. प्रिन्सी, त्याची एकुलती एक मुलगी, शाळेत असताना घरी कॉम्प्युटर आला आणि त्याच सुमारास चर्चच्या सभागृहात पालकांसाठी इंटरनेटच्या धोक्यांवर व्याख्यान झालं. व्याख्यान ऐकून व्हॅलेरियनची झोप उडाली. कॉम्प्युटरला कुलूप कुठे लावायचं हेच त्याला कळेना.

मग मुलीला इंटरनेटपासून वाचवण्यासाठी तो स्वतः रोज इंटरनेटवर बसायला लागला. शोधता शोधता त्याला कळलं की ब्राउझरच्या फोल्डरमध्ये एक साधी फाईल ठेवायची, तिच्यात एकेका ओळीवर एकेक सेटिंग लिहून ते लॉक करायचं. मग ते सेटिंग पडद्यावर फिकट दिसतं आणि कितीही दाबलं तरी बदलत नाही. व्हॅलेरियनला स्वर्ग दोन बोटं उरला. ब्राउझर उघडताच त्या दिवसाचं बायबल वाचन दिसलं पाहिजे, ही पहिली ओळ. काय पाहिलं त्याची नोंद पुसता येणार नाही, ही दुसरी. कॅमेरा बंद, माइक बंद, मध्येच उगवणाऱ्या खिडक्या बंद. आणि फाईल कुणी उघडू नये म्हणून तिला पासवर्ड.

बाकी सगळी कुलपं लागली, बायबल वाचन मात्र काही केल्या लागेना. त्याने प्रिन्सीची उलटतपासणी घेतली. पॉलिनला, म्हणजे बायकोला, विचारलं. तिने तोवर कॉम्प्युटरला फडक्याशिवाय काही लावलं नव्हतं. शेवटी इंटरनेटवरच्या कुठल्याशा चर्चेत त्याला उत्तर मिळालं. ब्राउझर त्या फाईलची पहिली ओळ वाचतच नाही. ती सोडून द्यायची असते, दोन तिरक्या रेघा मारून तिथे काहीही लिहावं. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं कुलूप त्याने नेमकं भिंतीला लावलं होतं. त्याने बायबल वाचन खाली सरकवलं. वर मोकळी झालेली जागा बघवेना, म्हणून तिथे टाईप केलं: प्रिन्सीच्या भल्यासाठी. पप्पा.

मशीन वाचत नाही तर कोण वाचणार, असं त्याला वाटलं.

पुढे प्रिन्सी नर्स झाली, नालासोपाऱ्याच्या एका हॉस्पिटलात लागली. फाईल तशीच राहिली, कारण लावलेलं कुलूप काढायचंही असतं हे व्हॅलेरियनच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

यंदा तिला आयर्लंडच्या हॉस्पिटलमधून मुलाखतीचं बोलावणं आलं. बुधवारी दुपारी, घरूनच, पण कॉम्प्युटरवर आणि कॅमेऱ्यासमोर. निवड झाली की जायचं. व्हॅलेरियन नको म्हणाला नाही. तो फक्त येता जाता तिथल्या थंडीबद्दल बोलायला लागला, आणि जेवणात आवडीची मासळी असूनही एकदाच भात घ्यायला लागला. पॉलिनने सरळ विचारलं तेव्हा, मी कुठे काय म्हणतोय, एवढंच तिला उत्तर मिळालं.

बुधवारी सकाळी प्रिन्सीने कॅमेरा लावून पाहिला. पडद्यावर काळा चौकोन. सेटिंग उघडलं तर सगळं फिकट, आणि वर सूचना की हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे. व्हॅलेरियनचं पित्त खवळलं. माझ्या घरात कुठली संस्था शिरली, म्हणत तो गॉडफ्रेकडे जाऊन आला, आणि त्यालाही पासवर्ड बदलून घे असं बजावून आला.

मग वाडीत केळींना पाणी सोडताना त्याला आठवलं. ती संस्था म्हणजे तोच होता. अध्यक्ष तो, सेक्रेटरी तो, एकमेव सभासदही तोच.

आधी त्याला हसू आलं. मग विचार आला की हे आणखी कुणाला ठाऊक नाही. आपण गप्प राहिलो तर कॅमेरा बंदच राहील, दुपार टळेल आणि पोरगी गासमध्येच राहील. त्याला स्वतःची लाज वाटली. पण ती राहावी असं त्या लाजेहून जास्त वाटलं, आणि तो विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. जेवायच्या वेळी घरी गेला, जेवला, तरी काही बोलला नाही.

प्रिन्सी इस्त्रीचा कुडता घालून त्या काळ्या चौकोनासमोर बसली होती. चिडचिड नाही, धावपळ नाही. ती एकदाच म्हणाली, "पप्पा, तुम्ही बघता का जरा?"

व्हॅलेरियन खुर्चीवर बसला. त्याने पासवर्ड घातला, फाईल उघडली आणि शेवटून सुरुवात करून एकेक ओळ पुसत वर गेला. पहिल्या ओळीवर मात्र हात जाईना. ती तशीच ठेवून त्याने ब्राउझर पुन्हा उघडला आणि खुर्ची लेकीला दिली. चौकोनात प्रिन्सीचा चेहरा आला आणि तिच्या मागे, तोंड उघडं टाकलेला, एक म्हातारा.

"दिसतेस आता," तो म्हणाला. "आता ते कशाला नाही म्हणतायत?"

मुलाखत होईपर्यंत नवराबायको स्वयंपाकघरात उभे होते. प्रिन्सी बाहेर आली, घेतलं म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. व्हॅलेरियनने ती संस्था कोण होती ते मान खाली घालून सांगून टाकलं.

प्रिन्सीला नवल वाटलं नाही. फाईल तिला दहावीतच सापडली होती. पासवर्ड म्हणजे पप्पांच्या स्कूटरचा नंबर, तो तर गॉडफ्रेलाही पाठ होता. तेव्हापासून ती केमिस्ट्री नावाच्या फोल्डरमध्ये दुसरा ब्राउझर ठेवून तोच वापरत आली होती. केमिस्ट्रीचा तिचा एवढा अभ्यास बघून व्हॅलेरियनने त्या काळी चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती.

"मग आज तो का नाही उघडलास?"

"तुम्ही मला जाऊ देताय की नाही, ते कळलं नसतं."

"आणि फाईल? ती तेव्हाच पुसायची."

"पुसणार होते," प्रिन्सी म्हणाली. "पण मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले."

व्हॅलेरियनला रडू आलं आणि ते लपवायला तो वाइनच्या कपाटाच्या किल्ल्या शोधायला उठला. तेवढ्यात पॉलिन तीन भरलेले ग्लास घेऊन बाहेर आली. तिच्याकडे त्या किल्ल्या कधीपासून आहेत, हे त्याने विचारलं नाही.