गाळा मिळणार होता

आमचं गाव शेणव्याच्या पुढे, धरणाचं पाणी जिथे डोंगरात शिरतं त्या काठावर आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माहेरच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस, दारातून पाणी दिसतं. पाणी दिसायचं हे खरं. पण परकराची नाडी तुटली तरी शहापूर गाठावं लागायचं. गावात दुकान एकच, तेल, बिस्किटं आणि मोबाईलचं रिचार्ज. ते चालवायचे माझे चुलत सासरे. त्यांच्याकडे पॅड कोण सून मागणार? त्यामुळे आम्ही सगळ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून शहापूरला जायचो आणि तिथला दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून देईल ते पिशवीच्या तळाला लपवून आणायचो.

माझी मोठी जाऊ या बाबतीत आमच्यापेक्षा धीट. रस्ता पाण्याच्या वर येऊन वळतो त्या जागी तिची टपरी होती. कुडाच्या भिंती, वर निळा कागद. रविवारी मुंबईकडच्या गाड्या पाणी बघायला तिथे थांबायच्या. ती मक्याची कणसं भाजून द्यायची, उन्हाळ्यात करवंदं पळसाच्या द्रोणात. गिऱ्हाइकांशी भरपूर बोलायची. कोणी विचारलं, इथे राहायला कसं वाटतं, तर म्हणायची, "तुमी ऱ्हा ना चार दिवस, मंग मनाच सांगा."

मग आमच्या बाजूच्या माळावर बंगल्यांची स्कीम आली. बंगले झाले, आणि त्यांच्यासाठी व गावासाठी मिळून बाजार होणार अशी बातमी आली. कंपनीची एक तरुण मॅडम देवळात बैठक घ्यायला आली. सतरंजीवर आमच्यातच मांडी घालून बसली. तिने विचारलं, "तुम्हाला इथे कुठली दुकानं हवीत?" असं आम्हाला कधी कोणी विचारलंच नव्हतं. पुरुष हार्डवेअर म्हणाले, खतांचं दुकान म्हणाले. सगळ्यांनी एकमुखाने मेडिकल मागितलं.

जाऊ मागून उठली. "बायांचा दुकान पायजे," ती म्हणाली. "गाऊन, परकर, दोरा, बांगड्या. आनि बायांना लागतं ते. इकायला बाईच पायजे. ती मी बसन."

पुरुष हसले. मॅडम हसली नाही. म्हणाली, "ताई, गाळे देताना गावातल्या लोकांचा विचार पहिला होणार. फक्त तुमची टपरी आमच्या गेटच्या जागेत येते. ती तेवढी हलवावी लागेल."

जावेने आठवड्याभरात टपरी स्वतः उतरवली. कोणी तिला घाई केली नव्हती. कूड उपटून जळणात टाकले, निळा कागद पेंढ्यावर घातला. दीर म्हणाले, "आदी गाळा हातात येऊ दे." ती म्हणाली, "आपुन जागा दिली नाय तर त्ये बांधतील कसा?"

बांधकाम चाललं तेवढे दिवस ती दुकानातच राहत होती म्हणा ना. भात लावतानाही तेच बोलणं. आम्ही दोघी एकदा वाशिंदला गेलो, केवळ दुकानं बघायला. स्टेशनजवळ एका बाईचं कापडाचं छोटं दुकान होतं, काचेचा काउंटर असलेलं. जावेने त्या बाईला माल कुठून आणता, उरलेला परत घेतात का, असं सगळं विचारून घेतलं. बाई उल्हासनगर म्हणाली. परतताना जाऊ मला म्हणाली, "माज्या दुकानात कागदात गुंडालाचा नाय गो. सरल हातात द्याचा."

बाजार सुरू झाला त्या दिवशी आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो. सरपंचांना हार घातला, आम्हाला पेढे मिळाले. मग आम्ही दुकानं बघत फिरलो. एक कॉफीचं. एक वासाच्या मेणबत्त्या आणि साबणांचं. एक टोप्यांचं आणि पोहायच्या कपड्यांचं. एकात शेतकऱ्याचा तांदूळ म्हणून कापडी पिशव्या मांडल्या होत्या. तो आमच्यापैकी कोणाच्या शेतातला नव्हता. मेडिकल नव्हतं. खतांचं नव्हतं. फिरून दाराशी आलो तरी जाऊ मागे वळून बघत होती, दुकानांची एखादी ओळ बघायची राहिली असेल म्हणून.

मॅडम भेटली. ती ओशाळली होती, एवढं मी म्हणेन. म्हणाली, "ताई, गाळे सगळे मोठ्या ब्रँडना गेले, ते माझ्या हातात नव्हतं. पण तुमच्यासाठी मी एक जागा ठेवली आहे."

ती जागा म्हणजे चूल. सिमेंटची झोपडी, बाहेरून शेणाचा रंग दिलेली, बांबूही रंगवलेले. तिथे बसून गिऱ्हाइकांसमोर भाकऱ्या भाजायच्या, महिन्याला पगार. नऊवारी नेसायची, नाकात नथ, अंबाड्यावर गजरा. आमच्याकडे तांदळाची भाकरी खातात. त्यांना बाजरीची हवी होती. जाऊ आमच्या घरी बसून बाजरीची भाकरी थापायला शिकली. पहिले काही दिवस ती काठाला फाटायची. नऊवारी तर आमची सासूही तशी कधी नेसली नव्हती. ती लुगडं गुडघ्याच्या वर खोचून चिखलात उतरायची. ते त्यांना चाललं नसतं.

"कशाला जाता, ताई?" मी विचारलं.

"टपरी ऱ्हायली का आता?" ती म्हणाली. वळणावर गेट झालं होतं आणि गेटच्या दोन्ही बाजूंना जाळी.

गेटवर वॉचमन म्हणून आमच्याच आळीतला एक जण लागला होता. उद्घाटनानंतर त्याला सूचना मिळाली की गावातल्या माणसांनी मागच्या फाटकाने यावं. तो आम्हाला ते सांगायचा तेव्हा खाली बघायचा.

मी एकदा जावेला निरोप द्यायला मागच्या फाटकाने गेले. एक कुटुंब तिच्यासमोर उभं होतं. त्यातला माणूस मोबाईल धरून म्हणत होता, "मावशी, तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना." जाऊ भाकरी थापत राहिली. "लाजतायत," त्याची बायको म्हणाली. ज्या बाईने टपरीवर कोणालाही गप्प बसू दिलं नव्हतं, ती पिठाकडे बघत होती. मी निरोप न देताच परतले.

घरीही तिचं बोलणं कमी झालं. एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. लोक भाकरी घेतात, ताट हातात धरून फोटो काढतात, एखादा घास मोडतात आणि बाकीची कचऱ्याच्या डब्यात टाकतात. तिला ते बघवत नव्हतं. गुरांसाठी नेऊ का, असं तिने विचारलं होतं. मॅनेजर नवा होता. मॅडम तोवर दुसऱ्या कुठल्या स्कीमवर गेली होती. तो म्हणाला, आतली कुठलीही वस्तू बाहेर न्यायची नाही, नियम आहे.

तरीही एका दुपारी काम संपल्यावर तिने डब्यातल्या भाकऱ्या उचलून पदरात बांधल्या. मागच्या फाटकावर त्या दिवशी मॅनेजर स्वतः उभा होता आणि वॉचमनला सगळ्यांच्या पिशव्या, ओचे तपासायला लावत होता. जावेची पाळी आली तेव्हा वॉचमन म्हणाला, "सायेब, ही माजी काकी हाय." साहेब म्हणाला, "मग काय झालं?"

तिने स्वतःच पदर सोडला. भाकऱ्या खाली पडल्या. मॅनेजर कामावरच्या सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, याला चोरी म्हणतात."

जाऊ मागच्या फाटकाने बाहेर पडली नाही. वळली आणि सगळ्या दुकानांपुढून, कॉफी पीत बसलेल्या लोकांमधून, पुढच्या गेटने निघाली. तशीच नऊवारीत, नथीत. गाव ओलांडून घरी आली. वाटेत बायका दारात आल्या, पण कोणी हाक मारली नाही. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. ती माझ्याशेजारी टेकली आणि नथ काढायला लागली. ती चापाची होती, तरी तिला निघेना. मी काढून दिली.

"मी चोरी केली का गो?" तिने विचारलं.

मी नाही म्हणाले. तिला ते पुरलं नाही हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन आला. कंपनीची साडी आणि नथ परत न्यायला त्याला पाठवलं होतं. तो अंगणातच उभा राहिला. "काकी, मना पाठवला," एवढंच म्हणाला.

"बस," जाऊ म्हणाली. "धुवाची हाय. माजा घाम लागलाय तिला."

"ऱ्हाऊ दे, काकी. त्ये धुतील."

"बस म्हनलं ना."

तिने साडी दगडावर घासून धुतली, पिळली आणि वलणीवर घातली. सुती होती, नऊ वार लांब, वाळायला वेळ लागणार होता. तो ओट्यावर बसला. मी चहा दिला, तो त्याने घेतला. वारा पाण्यावरून येत होता आणि साडी हळूहळू हलत होती. वाळल्यावर जावेने ती पदरापासून नीट घडी घालून पिशवीत ठेवली, वर कागदात बांधलेली नथ ठेवली आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

आता ती सकाळच्या गाडीने वाशिंदला जाते. एका कारखान्यात डबे भरण्याचं काम आहे, तिथे कोणी फोटो काढत नाही. वॉचमन अजून गेटवर आहे. जाऊ त्याच्याशी बोलते, तिने त्याच्यावर राग धरला नाही. मी धरला आहे. त्याने काय करायला हवं होतं, असं मला कोणी विचारलं तर मात्र सांगता येत नाही.