सुमनअक्कांचा रविवारचा पाहुणा

सुमनअक्का भांडण सुरू करण्याआधी विचारायच्या, "जेवलास का?" नाही म्हटलं की आधी ताट, मग बोलणी. बनशंकरी या कन्नड भागात त्यांच्या वरच्या खोलीत मी पुण्याहून राहायला आलो, तेव्हा नळ चालू ठेवल्याबद्दल पहिल्याच दिवशी दोन्ही खाल्ली. अक्का मूळच्या निपाणीच्या. नवरा गेल्यावर भाकऱ्या थापून बिऱ्हाडांना पुरवायच्या आणि कुणाच्या मिंध्यात नव्हत्या.

एका सकाळी भाजी आणताना टेम्पोनं त्यांना उडवलं. गुडघ्याचा चुरा झाला. टेम्पोचालक शिवण्णा पळाला नाही. त्यानंच दवाखान्यात नेलं. पुढे दर रविवारी तो नारळ घेऊन यायचा, दारात हात जोडून उभा राहायचा. अक्का लंगडत उठून त्याला जेवू घालायच्या.

दुसरं ऑपरेशन झालं नाही तर शेगडीपुढे उभं राहणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी म्हणायचो, "अक्का, भरपाईचा दावा करा."

"माझ्या घरी जेवलेल्या माणसाला कोर्टात ओढू? दोन पोरी आहेत त्याला. स्वल्प थांब, होईल सरी, सगळं ठीक होईल."

पोलिसांत तक्रारही त्यांनी देऊ दिली नाही. मला चीड यायची. चांगुलपणालाही काही धरबंध असावा!

एक दिवस भाकरी थापतानाच त्या कोसळल्या, तेव्हा मी हट्टानं त्यांना वकीलबाईंकडे नेलं. बाईंनी टेम्पोच्या विम्याचं विचारलं. मी शिवण्णाला फोन लावला; विमा होता.

"मग पैसे विमा कंपनीनं भरले असते," वकीलबाई म्हणाल्या. "पण अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. ती मुदत टळली."

"म्हणजे शिवण्णाच्या खिशाला काहीच लागलं नसतं?" अक्कांनी विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मला हे आधी ठाऊक नव्हतं, तरी मीच काहीतरी गमावल्यासारखं रडू येत होतं.

भाकऱ्या बंद झाल्या. अक्का निपाणीला भावाच्या आश्रयाला निघाल्या. सामान न्यायला शिवण्णाच आला, त्याच टेम्पोतून. त्यांना आधार देऊन पुढच्या सीटवर बसवताना त्याचे डोळे भरून आले. कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, तुम्ही केस केली नाहीत. देवासारख्या आहात तुम्ही."

अक्का माझ्याकडे वळल्या आणि त्याला कळू नये म्हणून मराठीत म्हणाल्या, "देव कसला रे. मला माहीत नव्हतं."