मोदकपात्रातली ग्रहमाला

ग्रहांच्या जन्माच्या संशोधनात माझाही वाटा आहे, पण तो आड येण्याचा.

२००९ साल. दुबईत मंदीने क्रेन जागच्या जागी थिजलेल्या. नव्या भिंतींत कुठे पाणी मुरतंय ते इन्फ्रारेड कॅमेऱ्याने शोधणं, ही माझी नोकरी. बांधकामंच थांबली, तेव्हा कॅमेरा रिकामा आणि त्याच्या शेजारी मीही! (अर्धं ऑफिस आधीच खलास झालं होतं.)

अशात आठवीतल्या गार्गीने, म्हणजे माझ्या मुलीने, दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या तिच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय निवडला: नव्या ताऱ्याभोवती फिरणारी वायू आणि धुळीची तबकडी. तिच्यातूनच ग्रह घडतात. आणि तिथली ऊन वाफ इन्फ्रारेडमध्ये दिसते.

"इन्फ्रारेड? अगं, बाप कशाला आहे तुझा?" मी गरजलो.

"बाबा, प्लीज! डोन्ट हेल्प!"

मी मदत केली. तबकडी म्हणजे मोदकपात्राची चाळणी. मधोमध हळद फासलेला थोरला मोदक, तो तारा. भोवती पिटुकले मोदक, ते ग्रह. खाली उकळतं पाणी. समोर माझा कॅमेरा आणि त्याला जोडलेला मोठा पडदा.

"अहो, आणि गणपतीत मी मोदक कशात उकडू?" बायकोने विचारलं.

"सृष्टी तयार झाली की परत देतो!"

प्रदर्शनात वाफ सुटली ती थेट कॅमेऱ्याच्या दिशेने. कॅमेरा ऑफिसचा! तो बिघडला तर उरलीसुरली नोकरीही गेली. कुणाला न विचारता मी मध्ये एक काच उभी केली. (शेजारच्या टेबलावरची!)

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. पडद्यावर ना वाफ, ना ग्रह. फक्त एक भलामोठा लालबुंद गोळा.

"वा! हाच का तारा?"

"नो मॅम," गार्गी गंभीरपणे म्हणाली, "दॅट इज माय फादर."

काचेतून ती उष्णता पार जातच नाही. उलट समोरच्याचीच परत येते. कॅमेऱ्याशेजारी वाकलेलं माझं टक्कल हॉलभर तळपत होतं! मी सरकलो, तारा सरकला. घाम पुसला, तर ताऱ्याला हात फुटला.

गार्गीचे डोळे भरून आले. महिन्याभराची मेहनत होती पोरीची. मग तिने काच उचलून बाजूला ठेवली आणि पडद्यावर वाफ झगमगली.

"मॅम, पृथ्वीवरून बघतानाही असंच होतं. आपल्याच हवेतली वाफ आणि ऊब आड येते. म्हणून दुर्बिणी लांब अवकाशात पाठवतात." मग माझ्याकडे वळून, "बाबा, यू गो टू द कँटीन."

तिला पहिलं बक्षीस मिळालं. कॅमेरा सुखरूप राहिला. नोकरी मात्र पुढच्याच महिन्यात गेली.

आज गार्गी खरोखरच्या तबकड्यांमधलं पाणी शोधते, सातासमुद्रापार. "एवढ्या लांब का गं गेलीस?" असं मी तिला कधीच विचारत नाही. दुर्बिणी लांब का पाठवतात, ते मला पाठ आहे!