भिंत सरकवणारा

लातूरला ज्या क्लासच्या दारावर मी बसतो, तिथला सर्व्हर सांभाळणारा माणूस लई गोड बोलतो. कुणी काही मागितलं की मान हलवतो, हसतो आणि म्हणतो, "होऊन जाईल."

पोरांचे शिकवणीचे व्हिडिओ त्या सर्व्हरवर असतात. आत जागेच्या खोल्या पाडलेल्या असतात म्हणे. एकदा मला हसत हसत म्हणाला, "मामा, ह्या भिंती सरकवता येतात. एक खोली लहान केली की दुसरी मोठी. फक्त आधी सामान आवरायचं, मग भिंत." भूकंपात सरकलेल्या भिंतींखालून मी माणसं ओढलीत. त्याच्या हसण्याचा तेव्हाच राग आला.

परीक्षा तोंडावर असताना सरांनी नव्या व्हिडिओंसाठी जागा मागितली. यानं सामान न आवरताच भिंत सरकवली. जुना एकही व्हिडिओ उघडेना. उजळणीला बसलेली जळकोटकडची पोरं रडकुंडीला आली. "आधी आवरायचं राहिलं की हो, मामा," असं तो माझ्यासमोर पुटपुटला. पण सर आले तसं म्हणाला, "मामांच्या हातून बटन बंद झालं असंल."

"मी हात लावला न्हाई!" मी ओरडलो.

सर म्हणाले, "जाऊ द्या, वय झालं त्यांचं."

आता तो मशीनपुढं बसला की मी खुर्ची ओढून त्याच्या पाठीमागं बसतो.

"मामा, दारावर कोण हाय?"

"दार गेलं खड्ड्यात. तू काम कर."

पडद्यावरचं मला अक्षर कळत न्हाई. पण प्रत्येक बटन दाबायच्या आधी तो वळून माझ्याकडं बघतो.